लिटरला एक झाकण

रविवार, चौदा तारीख, सकाळी पावणेअकरा. रक्कम अडतीस हजार. हजर: वहिनी, तुमची शीतल, जुन्या गाड्या घेणारे हनीफभाई आणि मी. जागा आपल्या सोसायटीचं पार्किंग, सहा नंबरचा खांब. तुझं तेरावं होऊन तीन दिवस झाले होते.

दत्ता, तुझी गाडी विकायला काढली होती. ठरवलं वहिनींनी, आणि हनीफभाईंना फोन मी केला. तू असतास तर म्हणाला असतास, फोन करायला बरा पुढे असतोस. ते खरं आहे.

हनीफभाईंनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, एक पिस्टन, दोन सायलेन्सर, आणि किक व गिअर दोन्हींना मिळून एकच दांडा. असल्या गाडीचा कारखाना बंद होऊन जमाना झाला, पण हौशी गिऱ्हाईक अजून आहे असं ते म्हणाले. सुरुवातीला पंचेचाळीस बोलले. मग किक मारली. तिसऱ्या किकला इंजिन सुरू झालं आणि मागची भिंत दिसेनाशी झाली.

"भाभी, धूर लय आहे," हनीफभाई तोंडावर रुमाल धरून म्हणाले. "ऑइल पिते ही. आतून घासलेली असणार. अडतीसच्या वर नाही परवडत."

"ऑइल पीत नाही ती," वहिनी म्हणाल्या. "हे पाजायचे. एकदा इंजिन जाम झालं होतं, तेव्हापासून हिला ऑइलचं झाकण जास्तच लागतं म्हणायचे. आधी एक जास्त, मग दोन."

मी शेजारी उभा होतो. हे मला माहीत नव्हतं. अठरा वर्षं तुझ्याबरोबर त्या धुरावरून भांडलो आणि तू झाकण वाढवलंयस हे मला माहीत नव्हतं. वहिनींनी इसार म्हणून हजार रुपये घेतले. गाडी पुढच्या रविवारी न्यायची ठरलं. मी घरी आलो आणि वह्या काढल्या.

वह्यांचं तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांना सांगतो. तू ओझरच्या विमान कारखान्यात फिटर, मी तिथेच स्टोअरमध्ये कारकून. नाशकातल्या हिरावाडीतून दोघांनी एकाच गाडीवर जायचं, एक आठवडा तुझी, एक आठवडा माझी. पेट्रोल आणि ऑइलचा खर्च निम्मा निम्मा. तो मी लिहायचो. तू कधी वही बघितली नाहीस. "हिशेबनीस, आकडा सांग," एवढंच म्हणायचास आणि खिशात हात घालायचास.

तुझं आणि माझं भांडण इंजिनावरून होतं. दुसरं कसलं भांडण मला आठवत नाही.

तुझं म्हणणं एका वाक्याचं होतं. "तीन भाग हलतात. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. चौथा हलतो तो तू, मागे बसून." दिवसभर तू हजारो भागांच्या इंजिनापाशी उभा असायचास. पाने मोजून घ्यायचे, मोजून परत ठेवायचे, एक जरी कमी भरला तरी घरी जायचं नाही, अशी तुझ्या हाताला सवय होती. घरी पाय टेकवल्यावर तुला तीनच भाग हवे होते. मला वाटायचं, हा आळशीपणा आहे. एकदा तसं बोललोही. तू म्हणालास, "आळस नाही रे. जेवढं मला उघडता येतं तेवढंच मी माझं म्हणतो."

माझं म्हणणं तक्त्याचं होतं. मी या काळात तीन गाड्या बदलल्या, तिन्ही फोर-स्ट्रोक, शेवटची तर इंजेक्शनवाली. दर वर्षी मार्चअखेर मी तुझ्या आणि माझ्या गाडीचा तक्ता करायचो. मायलेज तुझं बत्तीस, माझं साठ. प्लग तुझे वर्षाला चार, माझा एक. धूर तुझा, माझा नाही. आणि शेवटचा रकाना होता मोठा बिघाड. त्यात तुझ्या बाजूला एक नोंद कायमची होती. "इंजिन जाम, रीबोअर, २८५०." रीबोअर म्हणजे सिलिंडर आतून कातून नवा पिस्टन घालणं. ती नोंद दरवर्षी पुढच्या तक्त्यात उतरवायचो. वाद अडला की मी तिच्यावर बोट ठेवायचो.

"हे बघ. भर रस्त्यात चाक अडकलं होतं. तुझ्या तीन भागांनी आपल्याला मारलं असतं."

तू मान हलवायचास आणि चहा मागवायचास.

आता इंजिन जाम झालं त्या दिवसाचं लिहितो. तुला अर्धाच माहीत आहे.

आदल्या रविवारी माझी गाडी दुरुस्तीला होती. मी तुझी घेऊन पेठला बहिणीकडे गेलो. कुणाची वस्तू जशी घेतली तशी परत करायची हा माझा नियम, म्हणून परत येताना नाशकात शिरल्याबरोबर पंपावर चार लिटर भरलं. त्या दिवशी पंपावरच्या माणसाने मीटर शून्यावर न आणता नळी लावली. मी थांबवलं, शून्यावर आणायला लावलं, चार लिटर पूर्ण होईपर्यंत आकड्यावरून डोळा काढला नाही. मग दोन रुपये सुटे नाहीत म्हणाला, त्यावरून पाच मिनिटं हुज्जत घातली. दोन रुपये घेतले आणि निघालो. ऑइल टाकायचं राहिलं.

तुझ्या टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, नाहीतर पिस्टन अडकतो; माझ्या गाडीला ते लागत नव्हतं. हाताला सवय नव्हती. हे कारण म्हणून सांगत नाही, तसं घडलं म्हणून सांगतो. किल्ली वहिनींच्या हातात देताना मी म्हणालो, "पेट्रोल टाकलंय, त्याला सांगा." त्यांनी सांगितलं.

सोमवारी सकाळी तू पुढे, मी मागे. तू क्लचवर कायम दोन बोटं ठेवायचास. मी हसायचो त्याला. "काय, जपमाळ ओढतोस का?" म्हणायचो. ओझरच्या वाटेवरचा दहावा मैल हा थांबा ओलांडला आणि इंजिनाचा आवाज बारीक झाला, जणू कुणी गळा धरलाय. पुढच्या क्षणी मागचं चाक अडकलं. तुझी दोन बोटं तेवढ्यात दाबली गेली होती. चाक मोकळं झालं, गाडी घरंगळत कडेला आली, मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत गेला. ती दोन बोटं क्लचवर नसती तर हा लेख लिहायला मी नसतो. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर इंजिन का अडकलं यावर बोलावं लागलं असतं.

तू खाली बसून इंजिनाजवळ हात नेलास आणि मागे घेतलास.

"काल पेट्रोल टाकलंस ना?"

"टाकलं."

"ऑइल?"

मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. पंप, मीटर, दोन रुपये, सगळं डोळ्यांपुढे होतं.

"टाकलं," मी म्हणालो.

"किती?"

"चार झाकणं."

तू उठून हात पुसलेस. "तुझं माप चुकायचं नाही," म्हणालास. "म्हणजे माझंच प्रमाण चुकतंय."

एवढंच. ओरडला असतास, संशयाने बघितलं असतंस, तर कदाचित बोललो असतो. तू विश्वास ठेवलास आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. मी चुकत नाही अशी माझी ख्याती होती. ती मुख्यतः तूच पसरवली होतीस. ती मला सोडवली नाही. रीबोअरचे निम्मे मी देऊ केले, तर तू म्हणालास, "गाडी माझी, माप माझं, पैसे माझे." मी आग्रह केला नाही. घरी जाऊन वहीत लिहिलं: मोठा बिघाड, एक.

तुझं माप म्हणजे पिवळं झाकण. शीतलच्या बालवाडीतल्या पाण्याच्या बाटलीचं. बाटली फुटली, झाकण तू ठेवून घेतलंस. सुरुवातीला मी हसलो होतो की असल्या खेळण्यावर इंजिन चालवतोस. मग औषधाच्या सिरिंजने मोजून बघितलं तर बरोबर चाळीस मिली. लिटरला एक झाकण, म्हणजे एकास पंचवीस. पुस्तकात असायला हवं तेवढंच. तुझ्या हाताने ते कुठून ओळखलं कोण जाणे. ही गोष्ट मी तुला तेव्हा सांगितली होती. तू म्हणालास, "बरं झालं, झाकणाला पुस्तक वाचता येतं."

तर हनीफभाई येऊन गेले त्या रविवारी मी वह्या काढल्या. ऑइलचा एक लिटरचा डबा किती पेट्रोलला पुरला, हे शोधायचं होतं. आकडे होते, प्रत्येक शनिवारचे. जाम व्हायच्या आधी एक डबा पंचवीस लिटरला पुरायचा. नंतरची सहा-सात वर्षं वीसला. त्यापुढे सतराला, कधी सोळाला. म्हणजे चार लिटरला चारऐवजी पाच झाकणं, मग सहा. प्रत्येक आकडा माझ्या अक्षरात होता. एवढी वर्षं मी बेरजा करत होतो. भागाकार एकदाही केला नाही.

ऑइल जास्त झालं की धूर होतो, प्लग काळा पडतो, सायलेन्सर कोंदतो, मायलेज उतरतं. हे मला तूच शिकवलंस. म्हणजे माझ्या तक्त्यातला धूर माझा होता. वर्षाला चार प्लग माझे होते. जुन्या इंजिनाविरुद्ध जे जे पुरावे मी मांडले, त्यातले बहुतेक मीच तयार केलेले होते. आणि तू ते निमूट ऐकून घेत होतास, कारण प्रमाण तुझं चुकलं होतं अशी तुझी समजूत होती.

सोसायटीचा ठरावही आठव. सचिव मी. दोन बिऱ्हाडांनी तक्रार केली, वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो. मी ठराव लिहिला: धूर करणारे वाहन आवारात सुरू करू नये. वाहन एकच होतं. बाजूने कोण म्हटल्यावर तूही हात वर केलास. "धूर होतो हे खरं आहे," म्हणालास. त्या दिवसापासून रोज सकाळी खांबापासून फाटकाबाहेर गाडी ढकलत न्यायचास. एकेचाळीस पावलं. मी गॅलरीतून मोजली होती. तू गेलास त्याचं कारण वेगळं, त्याचा या ढकलण्याशी संबंध नाही. डॉक्टरांना मी विचारलं. संबंध असता तर तसं इथे लिहिलं असतं.

याच काळात एकदा माझी इंजेक्शनवाली आडगाव नाक्यावर बंद पडली. बॅटरी उतरली होती आणि त्या गाडीला किकच नव्हती. मी तुला फोन केला. तू आलास, माझ्या पायठेवणीला तुझा पाय लावलास आणि तुझ्या गाडीच्या जोरावर मला घरापर्यंत ढकलत आणलंस. लोक बघत होते. माझी चकचकीत गाडी पुढे, मागून निळा धूर. फाटकापाशी पाय काढून एवढंच म्हणालास, "किती भाग आहेत म्हणालास तुझ्या इंजिनात?"

मी म्हटलं, "मोजले नाहीत."

"मोज. तुला जमेल."

त्या वर्षीच्या तक्त्यात मी ही नोंद किरकोळ बिघाड म्हणून टाकली होती.

वह्या काढल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी मी त्या घेऊन तुझ्या घरी गेलो. वहिनी भाजी निवडत होत्या, शीतल नुकतीच ऑफिसातून आली होती. मी बसलो नाही. जे वर लिहिलंय ते त्याच क्रमाने सांगितलं. पंप, मीटर, दोन रुपये, दहावा मैल, चार झाकणं. मग डब्यांचे आकडे.

वहिनींचा हात मेथीत तसाच राहिला.

"तुम्हाला सांगायचं होतं तर तेव्हा सांगायचं," त्या म्हणाल्या. "ऐकायला ते होते."

"हो."

"आता मला सांगून काय करू मी त्याचं?"

त्यांनी पुढे ताणलं नाही. जुडी पुन्हा हातात घेतली. मी पाकीट काढलं, त्यात दोन हजार आठशे पन्नास होते. त्यांनी त्याकडे बघितलंही नाही. "ते खिशात ठेवा, भाऊजी," एवढं म्हणाल्या. भाऊजी म्हणाल्या हे मी लक्षात ठेवलं आहे.

शीतल वही बघत होती. पानं उलटत पंचविसावरून विसावर, विसावरून सतरावर आली. सतरा जिथे सुरू होतात तिथे थांबली.

"काका, हे माझं अकरावीचं वर्ष."

मला संबंध कळला नाही.

"बाबा मला कॉलेजला सोडायचे. गंगापूर रोडला. मैत्रिणी म्हणायच्या, आली रॉकेलची गाडी. ओढणीला वास यायचा. मग मी दोन चौक अलीकडेच उतरायला लागले. नंतर म्हटलं, मी रिक्षानेच जाते."

ती पुन्हा पानाकडे बघायला लागली.

"म्हणजे बाबांचं माप बरोबर होतं?"

"बरोबर होतं. लिटरला एक झाकण."

"आणि चारच टाकली असती तर धूर झाला नसता?"

"थोडा झाला असता. टू-स्ट्रोक आहे. पण एवढा नाही."

ती उठून आत गेली. वहिनी म्हणाल्या, "या तुम्ही आता." मी आलो. दत्ता, माझी चूक दोन रुपयांच्या हुज्जतीत झाली होती आणि मी तिची किंमत रीबोअरइतकीच धरली होती. या मुलीने रिक्षाने काढलेली वर्षं कुठल्याच रकान्यात नव्हती.

बुधवारी शीतलचा फोन आला. "काका, गाडी द्यायच्या आधी एक टाकी मला बाबांच्या मापाने चालवायची आहे. मग विकायची का नाही ते ठरवू. आई हो म्हणाली आहे. हनीफभाईंना तुम्ही सांगा."

हनीफभाईंना सांगितलं. त्यांनी तक्रार केली नाही. "घरातली वस्तू आहे, भाईसाहब. घाई आम्हाला असते, तुम्हाला कशाला?" म्हणाले.

गुरुवारी गॅरेजच्या मिस्त्रींकडून दोन्ही सायलेन्सर सोडवून आतला कोळसा काढला. परातभर निघाला. नवा प्लग बसवला. टाकीतलं जुनं मिश्रण काढून मोजलं, सव्वा लिटर भरलं. ते बाजूला ठेवलं.

रविवारी सकाळी शीतल खाली आली. गाडी स्टँडवरून काढली आणि तुझ्यासारखीच फाटकाकडे ढकलायला लागली. आठ-दहा पावलं गेली असेल.

"इथेच किक मार," मी म्हणालो.

"ठराव आहे ना?"

"मीच लिहिलाय. पुढच्या सभेत मागे घेण्याचा विषय ठेवलाय. कुणी बोललं तर मला बोलेल."

टाकीत पंपापर्यंत पुरेल इतकंच, बरोबर मापाचं पेट्रोल मी आधी घातलं होतं. तिने दांडा आत दाबला, वर फिरवला, किक केली. पहिल्या दोन वाया गेल्या. वहिनी गॅलरीत उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अर्ध्यात सोडू नको, पूर्ण खाली ने. ते तसंच करायचे." तिसऱ्याला सुरू झालं. धूर आला, राहिलेल्या काजळीचा असणार, आणि विरळ होत गेला. मागची भिंत दिसत होती.

पंपापर्यंत ती पुढे आणि मी मागे. दिंडोरी नाक्याजवळ माझ्या लक्षात आलं, तिची दोन बोटं क्लचवर होती. ते तिला कुणी शिकवलं मी विचारलं नाही. तुझ्यामागे बसून, दोन चौक अलीकडे उतरायच्या आधीच्या दिवसांत, बघितलं असणार.

पंपावरच्या मुलीने विचारलं, "अजून चालते का ही?"

"चालते," शीतल म्हणाली.

टूलबॉक्समधून तिने पिवळं झाकण काढलं. कडेने थोडं चिरलंय, पण माप शाबूत आहे. मी आदल्या रात्री मोजलं होतं. आधी ऑइल, मग पेट्रोल, म्हणजे नीट मिसळतं, ही तुझी पद्धत. मला वाटलं, ती टाकेल. तिने झाकण माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही टाका, काका. मी मोजते."

मायलेजबद्दल माझं मत कायम आहे. माप बरोबर असतानाही तू पस्तिसाच्या वर जात नव्हतास आणि माझी साठ देते. तेवढं माझं राहू दे. बाकीचा तक्ता मी रद्द केला आहे. प्रत्येक वर्षाच्या पानावर रेघ मारली, खाली सही केली आणि मोठ्या बिघाडाच्या रकान्यात इंजिनाचं नाव खोडून माझं लिहिलं. गाडी विकायची की नाही हे अजून ठरलेलं नाही. शीतल शनिवारी त्याच गाडीने ऑफिसला गेली होती. संध्याकाळी फाटकात भेटली तेव्हा स्वतःहून बाही पुढे केली. मी हुंगून बघितली. वास होता, पण कमी.

शेवटचा हिशेब असा. इसाराचे हजार, हनीफभाईंना परत, वहिनींच्या हातून. सायलेन्सर आणि प्लगचे आठशे मिस्त्रींना, माझ्याकडून. ते घ्यायला कुणी हरकत घेतली नाही. पेट्रोल चार लिटर, चारशे वीस रुपये, पंपावरच्या मुलीला, शीतलकडून. मीटर शून्यावर होतं का ते मी बघितलं नाही. ऑइलचा एक लिटरचा डबा, चारशे दहा रुपये, नाक्यावरच्या दुकानदाराला, माझ्याकडून. त्यातली चार झाकणं टाकली. शीतलने मोजली.